मराठवाड्याचा पाऊस कोण कोण बघतंय : संभाजीनगर ते लातूर

रविवार, लातूर ते संभाजीनगर

बरेच दिवस मनात होतं की आपल्या मराठवाड्यात हवामान मोजतात कुठं आणि कसं ते एकदा स्वतः जाऊन बघायचं. शाळेत भूगोल शिकवते. पर्जन्यछाया, मान्सून, एल निनो सगळं फळ्यावर काढून होतं, पण पोरं विचारतात मॅडम हे कळतं कसं, कोण सांगतं, आणि त्याचं उत्तर पुस्तकात अर्ध्या ओळीत संपतं. म्हणून २०२५ च्या डिसेंबरात येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाच्या आठवड्यात रजा टाकली, एकदोन ठिकाणी आधीच अर्ज करून परवानगी घेतली आणि निघाले. सोबत मामा. मामांची शेती रेणापूरकडं, सोयाबीन, तूर, हरभरा, आणि ते कित्येक वर्षांपासून वहीत पावसाची नोंद ठेवतात, प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक आहे त्यांच्या बांधावर.

एसटीनं अंबाजोगाई, केज, बीड करत गेलो. केजजवळ मामांनी खिडकीतून हात करून दाखवलं, तिकडं धनेगाव, मांजरा धरण. आता भरलेलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी सगळ्यांनाच पूर आला, मामांचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, शेंगांना जागेवरच कोंब फुटले. आणि हेच धरण २०१६ ला कोरडं होतं, तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. ज्यांनी हे दोन्ही बघितलंय त्यांना पाऊस नेमका किती आणि कधी हा प्रश्न नुसता गप्पांचा वाटत नाही.

सोमवार, चिकलठाणा आणि मग परभणीची गाडी

पहाटे साडेचारला संभाजीनगरच्या चिकलठाण्याच्या हवामान वेधशाळेत. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. फुग्यात हायड्रोजन भरतात म्हणून मोबाईल बंद करायला लावले आणि मामांच्या खिशातली काडीपेटी बाहेरच काढून ठेवून घेतली.

निरीक्षक साहेबांनी आधी एक छोटा पांढरा डबा हातात दिला, त्याला रेडिओसाँड म्हणतात. वजन एवढं कमी की मामा म्हणाले, "रिकामाच हाय का काय?" आत जीपीएस आणि रेडिओ ट्रान्समीटर, आणि एका बाजूनं बाहेर आलेली बारीक पट्टी, तिच्यावर तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर, तिला बोट लावायचं नाही. सोडायच्या आधी तो डबा एका छोट्या यंत्रात ठेवून त्याचं तापमान बरोबर येतंय का ते तपासतात, नंबर लिहून घेतात, मगच दोऱ्याला बांधतात. फुगा रबराचा, भरला की माणसाएवढा होतो. दोघांनी धरून मैदानात आणला, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि सोडला. आवाज काहीच नाही, फक्त दोरा सरसरत सुटला तेवढाच. मिनिटाला साधारण ३०० मीटर वर जातो, वर हवा विरळ होत जाते तसा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. डबा मग कुणाच्या तरी रानात पडतो. कुणाला सापडला तर घाबरू नका, त्यात धोक्याचं काही नसतं.

आत येऊन स्क्रीनसमोर बसलो तर रेघ उलटीच सरकत होती, म्हणजे वर जाईल तसं थंड व्हायला पाहिजे ना, पण सुरुवातीच्या थोड्या उंचीवर हवा गरम होत होती. साहेब म्हणाले हिवाळ्यात पहाटे असंच असतं, रात्री जमीन गार पडते, तिच्याजवळची हवा गार पडते, वरची तेवढी पडत नाही, म्हणून धूर आणि धुकं खालीच अडकून बसतं. मी हे तापमानाचं व्युत्क्रमण म्हणून कितीदा शिकवलंय, पण डोळ्यासमोर रेघ वळताना बघायची मजा वेगळीच. मामांनी लगेच ताडलं, "म्हणूनच पहाटं शेकोटीचा धूर वर जाईना, आडवाच पसरतो की!"

आता खरी गोष्ट. हा फुगा साडेपाचच्या वेळेसाठी सोडतात, कारण आपले साडेपाच म्हणजे ग्रीनिचचे शून्य वाजले. त्या क्षणी टोकियोत सकाळचे नऊ, मॉस्कोत पहाटेचे तीन, लंडनला मध्यरात्र. घड्याळं सगळ्यांची वेगळी पण जगभरातले शेकडो फुगे याच वेळेच्या हिशोबानं वर जातात. प्रत्येक केंद्राला एक पाच आकडी नंबर असतो, भारतातल्या केंद्रांचे ४२ नाहीतर ४३ नं सुरू होतात. चिकलठाण्याचे आकडे कोडमध्ये बसवून दिल्लीला जातात आणि दिल्लीतून जगाच्या जाळ्यात. थोड्याच वेळात अमेरिकेतल्या, युरोपातल्या, चीनमधल्या कॉम्प्युटरला आपल्या डोक्यावरची हवा कळते आणि त्यांच्याकडची आपल्याला.

मामांनी विचारलं, "पाकिस्तानला बी जातंय का हे?"

साहेब म्हणाले, "जातं की. आणि त्यांचं आपल्याला येतं. मधे सीमा बंद असली तरी येतं."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर हाय. ढगाला कुठं पासपोर्ट लागतो."

हे सगळं आपोआप झालेलं नाही, याच्यासाठी माणसं खूप झटलीत. १८७३ ला व्हिएन्नात वेगवेगळ्या देशांचे हवामानवाले एकत्र बसले, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजायचं आणि एकमेकांना सांगायचं असं ठरवायला. त्यातून पुढं १९५० ला जागतिक हवामान संघटना उभी राहिली, तिचा करार २३ मार्चला लागू झाला म्हणून तो दिवस जागतिक हवामान दिन. आज १९३ सदस्य आहेत. मला सगळ्यात जास्त भिडतो तो १९६० च्या आसपासचा काळ. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले, नुकतेच उपग्रह उडायला लागलेले, आणि १९६१ मध्ये केनेडींनी संयुक्त राष्ट्रांच्या भाषणात हवामानासाठी सगळ्यांनी मिळून काम करूया म्हटलं. मधे १९६२ चं क्युबाचं संकट येऊन गेलं, जग युद्धाच्या तोंडाशी गेलं, आणि तरीही १९६३ ला वर्ल्ड वेदर वॉच नावाची जगभरची व्यवस्था सुरू झालीच. तिची जागतिक केंद्रं तीन, वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न. भांडणं चालू राहिली पण तापमान, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब यांची देवाणघेवाण थांबली नाही. शाळेत दरवर्षी पोरांना शीतयुद्ध शिकवतात ते मी ऐकते, फक्त क्षेपणास्त्रं आणि बर्लिनची भिंत. ही गोष्ट पण त्याच धड्यात पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुपारच्या गाडीनं परभणी. जालना, परतूर, सेलू, बाहेर हरभरा आणि ज्वारी, कुठं कुठं कापसाची शेवटची वेचणी. डब्यात मामा ७२ च्या दुष्काळावर आले. तेव्हा ते लहान होते, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे, सुकडी मिळायची, आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. मी त्यांना सांगितलं की त्याच वर्षी तिकडं प्रशांत महासागरात जोरदार एल निनो होता, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरचं पाणी गरम झालं आणि तिथली मासेमारी कोसळली. पेरूतला कोळी आणि लातूरचा शेतकरी एकाच वर्षी एकाच कारणानं उपाशी, आणि दोघांना एकमेकांचं नावगाव माहीत नाही.

हा धागा सापडायला किती वर्षं लागली ते बघा. १८९९ च्या भयानक दुष्काळानंतर पाऊस का दगा देतो ते शोधायची जबाबदारी गिल्बर्ट वॉकर यांच्यावर आली. १९०४ ला ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. माणूस केंब्रिजचा गणिती. त्यांनी ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, पॅसिफिकमधली बेटं, जिथून मिळतील तिथून दाबाचे, पावसाचे आकडे मागवले आणि कॉम्प्युटर नसताना हातानं सहसंबंध काढले, ती आकडेमोड करणारे हात आपल्या भारतीय कारकुनांचे होते. त्यातून कळलं की पॅसिफिकवर एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागराकडं, कमी होतो, आणि हे उलटसुलट होत राहतं, त्याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं. एल निनो आणि हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे १९६९ मध्ये मूळचे नॉर्वेचे याकोब ब्यर्कनेस यांनी जोडून दाखवलं. नुसत्या भारतातले आकडे घेऊन बसले असते तर वॉकरना काहीच दिसलं नसतं. आपल्या दुष्काळाचं कारण आपल्या हद्दीत नव्हतंच.

मंगळवार, परभणी

मंगळवार मुद्दाम निवडला होता. कृषी हवामान सल्ल्याची पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वेधशाळा म्हणजे तारेच्या कुंपणातलं एक मोकळं मैदान, आत सगळी उपकरणं. पेपरात थंडीच्या दिवसांत परभणीचा पारा म्हणून जो आकडा येतो तो बऱ्याचदा इथलाच.

पांढऱ्या झडपांचं लाकडी पेटीसारखं घर असतं ते स्टीव्हन्सन स्क्रीन. दार उत्तरेला. तिथल्या वेधशाळेच्या मॅडमनी सांगितलं की उत्तर गोलार्धात सगळीकडं उत्तरेलाच, म्हणजे उघडल्यावर ऊन थर्मामीटरवर पडत नाही, आणि ऑस्ट्रेलियात गेलात तर दक्षिणेला. आत चार थर्मामीटर, एकाच्या गोळ्याला मलमलचं ओलं कापड गुंडाळलेलं, ती वात डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत सोडलेली, कापड मळलं की आर्द्रता चुकते म्हणून ते नियमानं बदलतात. मग काचेचा भरीव गोळा, त्यातून ऊन एका जागी गोळा होऊन खालच्या निळ्या पट्टीवर जळकी रेघ ओढतं, ढग आला की रेघ तुटते, संध्याकाळी पट्टी काढून मोजायचं किती तास ऊन होतं. मी कालची पट्टी हातात घेऊन बघितली, सकाळी थोडं तुटक आणि मग सलग जळालेलं. एका अख्ख्या दिवसाचं ऊन तळहातावर मावत होतं.

मामा मात्र बाष्पीभवनाच्या भांड्यापाशी रमले. पाणी भरलेलं मोठं गोल पसरट भांडं, वर जाळी, नाहीतर पाखरं येऊन पाणी पिऊन जातात आणि आकडा चुकतो. रोज किती पाणी उडालं ते मोजायचं आणि त्यावरून पिकाला किती पाणी लागेल ते काढायचं. मामांनी विचारलं, मग तुमी आमाला पाणी देऊ नका म्हणता ते ह्याच्यावरून व्हय? मॅडम म्हणाल्या याच्यावरून पण आणि उपग्रहावरून पण. पत्रिकेत नेहमी ओळ असते ना, इस्रोच्या अहमदाबादच्या सॅक केंद्राच्या छायाचित्रानुसार मराठवाड्यात बाष्पोत्सर्जनाचा वेग वाढलेला किंवा कमी झालेला आहे, ती ओळ मी आजवर वाचून सोडून द्यायचे. आता नाही सोडणार.

साडेआठला पावसाचं मोजमाप. डिसेंबर असल्यामुळं शून्य. तरी नरसाळं काढलं, बाटली बघितली, आणि रजिस्टरला ०.० लिहिलं. मॅडम म्हणाल्या शून्य लिहिणं फार महत्त्वाचं, कारण रिकामी जागा दिसली तर शंभर वर्षांनी कुणालाच कळणार नाही की पाऊस नव्हता का माणूस नव्हता. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

मग पत्रिका कशी तयार होते ते बघितलं. हवामान खात्याकडून पाच दिवसांचा अंदाज येतो, त्यावर पिकाची अवस्था, हरभऱ्यावर घाटेअळी आहे का, ज्वारीला पाणी कधी, फवारणी कोणत्या दिवशी टाळायची, हे सगळं बसवतात. पण तो अंदाज कॉम्प्युटरवरच्या ज्या गणिती मॉडेलमधून येतो ती मॉडेलं कुठली? नोएडाचं हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र वापरतं त्या मॉडेलचा पाया ब्रिटनच्या मेट ऑफिसचा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१२ पासून मान्सून मिशनमध्ये जे मॉडेल घेतलं त्याचा सांगाडा अमेरिकेचा, आणि त्याला आपल्या मान्सूनसाठी घडवायचं काम आपल्या लोकांनी परदेशी गटांना सोबत घेऊन केलं. आता २०२५ च्या मे महिन्यात आलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते, ती पुण्यात बनली. त्याच वर्षी केंद्राच्या कृषी खात्यानं १३ राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाऊस कधी सुरू होणार त्याचे मेसेज पाठवले, त्यात युरोपियन हवामान केंद्राचं आणि गूगलचं अशी एआय मॉडेलं होती आणि सोबत आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी. नोंदी नसत्या तर त्या एआयला शिकवणार काय? कुणीतरी रोज साडेआठला नरसाळं काढलं म्हणून तो मेसेज निघाला.

एक गोष्ट मात्र खटकली आणि ती लिहिणारच. जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रांमधे उभी केलेली कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली. परभणीसारखी विद्यापीठातली जुनी केंद्रं चालू आहेत, पण तालुक्याच्या जवळ बसून सांगणारं माणूस गेलं. जगभरातून एवढी माहिती गोळा करून शेवटचे पन्नास किलोमीटर तोडायचे, हे काही पटत नाही.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर समुद्राचा विषय निघाला. मामांचं म्हणणं, समुद्र तर आपल्यापासून लांब, तिथं कोण मोजतंय. मोजतात मामा. १९८२-८३ चा मोठा एल निनो आला तेव्हा शास्त्रज्ञांना तो चालू असतानाही नीट कळला नव्हता, म्हणून मग १९८५ ते १९९४ अशी दहा वर्षं अनेक देशांनी मिळून प्रशांत महासागरात जवळपास ७० तरंगती यंत्रं नांगरून ठेवली. हिंदी महासागरात २००४ पासून तसंच जाळं सुरू झालं, रामा त्याचं नाव, त्यात भारत, अमेरिका, जपान आणि इतर देश आहेत. सोमालियाच्या चाच्यांमुळं पश्चिमेकडच्या काही जागी यंत्रं बसवताच येईनात, म्हणजे चाचे तिकडं आणि अंदाजातली भोकं इकडं. शिवाय आर्गो नावाचे सुमारे ४००० फ्लोट जगभर सोडलेत, ते २००० मीटर खोल जातात, दहा दिवसांनी वर येऊन उपग्रहाला आकडे देतात आणि परत बुडी मारतात. आपल्या भागाचा आर्गो डेटा हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती ठेवणाऱ्या केंद्रात जमा होतो, म्हणजे आपल्या शेजारीच. १९९७ ला इतका मोठा एल निनो असून भारतात पाऊस बरा झाला, तेव्हा हिंदी महासागराकडं नीट बघायला लागले आणि १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन हे आपले तिघं आणि जपानचे यामागाता यांनी मिळून हिंदी महासागराचा डायपोल मांडला, म्हणजे त्या समुद्राची एक बाजू गरम आणि दुसरी गार होणं. आता दरवर्षी बातम्यांत आयओडी आयओडी ऐकतो ना, तो हाच.

आणि यात एक देश मागं सरला तरी सगळ्यांना फटका बसतो. २०१२ नंतर अमेरिकेनं यंत्रांची देखभाल करणारं जहाज काढून घेतलं तर दोनेक वर्षांत प्रशांत महासागरातून येणारा डेटा निम्म्याच्याही खाली आला. २०२५ मध्ये तिकडं माणसं कमी केल्यामुळं काही ठिकाणचे फुगे सोडणंच कमी झालं. लोक म्हणतात त्यांचं ते बघतील. पण चिकलठाण्याला काल जे बघितलं त्यानंतर मला तसं म्हणवत नाही.

बुधवार, औंढा आणि नांदेड

जिंतूरवरून औंढा. नागनाथाचं दर्शन घेतलं, गर्दी कमी होती. याच तालुक्यात लायगो-इंडियाचा प्रकल्प उभा राहतोय, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, अमेरिकेतल्या लायगोबरोबरचं काम, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र. त्याचा हवामानाशी संबंध नाही, गुरुत्वीय लहरी मोजायचं ते. पण जगाच्या नकाशावर एखाद्या मोठ्या शास्त्रीय कामासाठी हिंगोली जिल्ह्यात ठिपका पडतो ह्याचा मला आनंद झाला आणि तो लपवायचं काही कारण नाही.

वसमतमार्गे नांदेड. गुरुद्वाऱ्यात लंगर, मामा दोनदा वाढून घेऊन जेवले. रात्री नातेवाइकांकडं मुक्काम.

गुरुवार, नांदेड ते लातूर

लोहा, अहमदपूर. नातेवाइकांचा दहावीतला मुलगा पण येळवशीला म्हणून सोबत आला, त्यानं एसटीत विचारलं, "आत्या, वादळाला नावं कोण ठेवतं?"

मी म्हटलं गुलाबची गोष्ट ऐक, ती आपल्याच डोक्यावरून गेलेली आहे. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांसाठी १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिलीत, एकूण १६९, ती यादी २०२० ला आली. त्यात बांगलादेश, म्यानमार, थायलंड, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान, इराण, ओमान, येमेन, कतार असे सगळे आहेत. या समुद्रांवर लक्ष ठेवून सगळ्यांना इशारे द्यायची जबाबदारी दिल्लीच्या केंद्राकडं, आणि नाव जाहीर करायचं कामही त्यांचंच. तर २०२१ च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ झालं, यादीत पाळी होती पाकिस्ताननं दिलेल्या नावाची, गुलाब. ते २६ तारखेला आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागलं, जमिनीवर येऊन विरलं, पण त्याचा उरलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणातून थेट मराठवाड्यावर आला.

मामा मधेच म्हणाले, "२८ तारीख. त्या दिवशी मांजराचे दरवाजे उघडले. नदीकाठच्या लोकांला हेलिकॉप्टरनं काढलं."

हो, तोच. इथं धो धो पडून तो गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथल्या गरम पाण्यावर परत जोर धरला आणि नवीन वादळ झालं, त्याला नाव मिळालं शाहीन, कतारनं दिलेलं. आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर जाऊन आदळलं. म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरचे आकडे आपल्याला कामाला आले आणि मराठवाड्यावरचे, गुजरातवरचे आकडे ओमानवाल्यांना. मस्कतच्या माणसानं कधी रेणापूरचं नाव ऐकलं नसेल, पण त्याच्यापर्यंत पोचलेल्या इशाऱ्यात आपल्या इकडच्या मोजमापाचा वाटा होता.

पोरगा म्हणाला मग नोव्हेंबरात श्रीलंकेत आलं ते डिटवाह? ते नाव येमेनचं. श्रीलंकेत शेकडो माणसं गेली त्यात. नाव एका देशाचं, नुकसान दुसऱ्याचं, इशारे तिसऱ्याचे. त्यानंतर तो पार अहमदपूर येईपर्यंत मोबाईलवर यादी शोधत बसला होता आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून दाखवत होता.

शुक्रवार, येळवस

मामांच्या रानात सगळं गोत जमलं. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आंबटभात. लातूर-धाराशिवकडची नसाल तर एकदा येळवशीला या, एवढंच सांगते, भज्जीचं वर्णन करत बसत नाही कारण ते जमणारं नाही.

जेवणं झाल्यावर मामा आठवडाभराचं सगळ्यांना सांगत बसले, पाकिस्तानला आकडे जातात हे सांगितल्यावर दोघातिघांनी मान हलवली की हे काय खरं नाही. मग मी सॅस्कॉफचं सांगितलं. २०१० पासून दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानवाले मान्सूनच्या आधी एकत्र बसतात, पहिली बैठक आपल्या पुण्यातच झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, म्यानमार, मालदीव, अफगाणिस्तान, सगळे आपापली मॉडेलं समोर ठेवतात, वाद घालतात आणि अख्ख्या प्रदेशाचा एकच नकाशा काढतात, कुठं पाऊस जास्त व्हायची शक्यता, कुठं कमी. मान्सून एकच आहे, तो वाटून घेता येत नाही. एक चुलते म्हणाले, क्रिकेट बंद हाय अन् हे चालू हाय? चालू आहे काका, आणि चालूच राहायला पाहिजे.

मग ओघानं महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा विषय निघालाच. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनामे आणि मदत ठरते, आणि आमच्या इकडचं यंत्र आहे एका इमारतीच्या भिंतीला खेटून, बाजूला लिंबाचं झाड. २०२५ च्या सप्टेंबरातल्या त्या पुराच्या रात्री मामांच्या मापात जे पडलं त्याच्यापेक्षा त्या यंत्राचा आकडा बराच कमी. पाऊस गावोगाव वेगळा पडतो हे मान्य, पण जागतिक हवामान संघटनेच्या नियमात स्पष्ट आहे की अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर पाहिजे. परभणीच्या मैदानात, चिकलठाण्यात, जपानमधे, केनियात जो नियम, तोच आमच्या मंडळात का नको? झाड वीस फूट तर यंत्र चाळीस फूट लांब, एवढं साधं आहे. जगाशी देवाणघेवाण करताना आपण आपल्याकडून जो आकडा देतो तो खरा असला पाहिजे. आणि इथं तर त्याच आकड्यावर माणसाच्या घरातलं वर्षभराचं अन्न अवलंबून आहे. गावातल्या दहाबारा जणांच्या सह्यांचा अर्ज तिथंच खोपीत बसून लिहिला, फोटो आणि टेपनं मोजलेल्या अंतरासकट, सोमवारी तहसीलला देणार.

मामांनी पावसाच्या वह्या आणल्या होत्या. सगळ्यात जुन्या वहीची पानं पिवळी पडलीत, काही ठिकाणी शाई उतरलीय. जगात बऱ्याच ठिकाणी जुन्या जहाजांच्या, मिशनऱ्यांच्या, जमीनदारांच्या हवामानाच्या नोंदी लोक हौसेनं कॉम्प्युटरवर चढवतात आणि त्यातून जुन्या दुष्काळांची, वादळांची हवा परत मांडता येते. आम्ही पण सुरुवात केली, दहावीतला पोरगा फोटो काढत होता, मी तारीख आणि मिलिमीटर मोबाईलवर टाकत होते, मामा शेजारी बसून खाडाखोड कुठली आणि का ते सांगत होते. २०१५ चं पान आलं, एल निनोचं वर्ष, मराठवाड्यात तेव्हा जवळपास ४० टक्के तूट होती, आणि जुलैत नुसती शून्यांची रांग, पण प्रत्येक दिवशी लिहिलेलं शून्य. पोरानं विचारलं, हे सगळं टाकायचं का? मी म्हटलं सगळं टाकायचं.

परभणीच्या मॅडमनी नोंदीच्या तक्त्याचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवलाय. जानेवारीपासून आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाकडं पर्जन्यमापक आणि थर्मामीटर, रोज साडेआठ, रविवारी जवळ राहणाऱ्या पोरांची पाळी. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या अशा वह्या, पाटलांच्या-कुलकर्ण्यांच्या दप्तरात पावसाचे उल्लेख असतील तर रद्दीत घालू नका, आधी फोटो काढा आणि कळवा.